फोटोतला तिसावा सभासद

"फोटो जरा नीट करून द्या," एवढंच सुनेत्राताई म्हणाल्या होत्या. पुढे जे काही झालं त्याला आपण जबाबदार नाही असं त्या अजूनही भेटेल त्याला सांगतात, आणि खरं म्हणजे त्या जबाबदार नव्हत्याच. जबाबदार होते रघुनाथराव पागनीस आणि त्यांनी नुकताच पूर्ण केलेला बेचाळीस धड्यांचा अॅडव्हान्स्ड फोटो एडिटिंगचा ऑनलाइन कोर्स.

'पूर्ण केलेला' म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. पहिले अकरा धडे त्यांनी सोडून दिले होते. ज्या माणसाने रिफायनरीच्या इन्स्ट्रुमेंट विभागात चौतीस वर्षं काढली, ज्याच्या सहीशिवाय प्लँट चालू होत नसे, त्याने 'फाइल कशी उघडावी' इथून सुरुवात करायची? रघुनाथरावांनी थेट बाराव्या धड्यात उडी घेतली. तिथे लेयर होते, मास्क होते, एकाचं डोकं उचलून दुसरीकडे बसवायची कृती होती, आणि त्वचेचा रंग व पोत वेगवेगळे करून सुरकुत्या तेवढ्या घालवायची एक फारच गहन विद्या होती. मूळ फोटोची प्रत बाजूला काढून ठेवल्याशिवाय त्याला हात लावू नये, ही सूचना दुसऱ्या धड्यात होती.

फोटो होता बडोद्याच्या वाडी भागातल्या स्नेहवर्धिनी मंडळाच्या वार्षिक सभेचा. डिसेंबरातल्या एका रविवारी चार वाजता सभा भरली, आणि त्या सभेत मंडळाच्या इतिहासात न घडलेली गोष्ट घडली. एकोणीस वर्षं अध्यक्ष असलेले बळवंतराव फणसे पडले आणि सतरा विरुद्ध तेरा मतांनी नयना पागनीस निवडून आल्या. नयनाताई म्हणजे रघुनाथरावांच्या सौभाग्यवती. गेली बावीस वर्षं मंडळाचं हळदीकुंकू, कोजागिरी, वक्त्यांचा चहा आणि सतरंज्यांची मोजणी त्यांच्याकडे होती. अध्यक्ष झाल्या झाल्या त्यांनी जाहीर केलं की वरच्या मजल्यावरची कुलूपबंद खोली उघडून तिथे पोळांतल्या, म्हणजे आसपासच्या गल्ल्यांतल्या, मुलांसाठी अभ्यासिका करायची, तीही मार्चच्या परीक्षांच्या आत. त्या खोलीत गेली एकोणीस वर्षं बळवंतरावांच्या सत्कारांत आलेली शाली-श्रीफळं सोडून काही नव्हतं. श्रीफळांचं पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

सभा आटोपल्यावर, बटाटेवडे यायच्या आत, अंगणात सगळ्यांना उभं करून रघुनाथरावांनी फोटो काढला. मावळतीचा सूर्य मंडळींच्या तोंडावर होता. एकूण एकोणतीस माणसं. त्यातल्या अकराजणांचे डोळे मिटलेले, दोघांनी हात कपाळाला लावलेले, सुनेत्राताई काहीतरी बोलत होत्या (त्या सेक्रेटरी असल्याने काहीतरी बोलतच असतात) आणि डाव्या बाजूला पोळातलं एक कुत्रं पाठमोरं बसलेलं. तीन वेळा बटण दाबलं, तिन्ही वेळा हीच अवस्था.

पण ज्याने बेचाळीस वजा अकरा धडे केलेत त्याला कसली काळजी? कारेलीबागेतल्या आपल्या फ्लॅटमध्ये रघुनाथराव सोमवारी सकाळी कॉम्प्युटरसमोर बसले आणि बुधवारी दुपारी उठले. कुत्रं गेलं. हात कपाळावरून खाली आले. सुनेत्राताईंचं तोंड मिटलं. एका फोटोतले उघडे डोळे दुसऱ्या फोटोत बसवत बसवत दहाजण जागे झाले. अडले ते फक्त बळवंतराव. तिन्ही फोटोंत त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. पराभव झालेल्या माणसाने सूर्याकडे तोंड करून आणखी काय करायचं असतं?

इतक्यात मंडळाच्या ग्रुपवर बातमी पसरली की रघुनाथराव फोटो "बनवतायत". लगेच मागण्या सुरू झाल्या. सुनेत्राताईंना कमरेशी थोडं कमी हवं होतं. माने पती-पत्नी त्या दिवशी लग्नाला पुण्याला गेले होते. पण मंडळाच्या फोटोत माने नाहीत हे बरं दिसतं का, असं त्यांनी फोनवर विचारलं आणि लग्नातलाच एक फोटो पाठवला. बळवंतरावांचे चुलतभाऊ पिलाजीराव त्या दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. "आजीव सभासद आहे मी. मागच्या रांगेत कुठेही घाला," असं म्हणून त्यांनीही आपला एक जुना, डोळे चांगले टपोरे असलेला फोटो पाठवून दिला.

नाही म्हणायचं हे रघुनाथरावांच्या स्वभावातच नाही. रिफायनरीत ते मशिनला 'नाही' म्हणू शकायचे. माणसांना कधीच नाही. मान्यांना त्यांनी डावीकडे उभं केलं, पिलाजीरावांना मागच्या रांगेत. आणि पिलाजीरावांचा फोटो समोर असतानाच त्यांना ती कल्पना सुचली. दोघे चुलतभाऊ. कपाळ तेच, भुवया त्याच. फणसे घराण्याचे डोळे. मग पिलाजीरावांचे डोळे बळवंतरावांना बसवले तर कोणाला कळणार आहे? बसवले, आणि असे चपखल बसले की रघुनाथरावांना स्वतःचाच अभिमान वाटला.

शेजारचे हसमुखभाई रोज सकाळी पेपर न्यायला येत आणि प्रगती बघून जात. ते म्हणाले, "रघुनाथभाई, बधा देखाय छे, पण तमे पोते क्यां?" सगळे दिसतात, तुम्ही स्वतः कुठे? प्रश्न बिनतोड होता. फोटो काढणारा फोटोत नसतो हा जगाचा नियम असला तरी आपण तो का पाळावा? रघुनाथरावांनी सहा वर्षांपूर्वीच्या एका फोटोतून स्वतःला उचललं, तेव्हा वजन आटोक्यात होतं, आणि उजव्या टोकाला उभं केलं. अशी फोटोत तेहतीस माणसं झाली.

शेवटी ती गहन विद्या. ती त्यांनी फक्त एकाच चेहऱ्यावर वापरली. संध्याकाळी नयनाताईंना बोलावून खुर्चीत बसवलं.

"ही कोण?" नयनाताईंनी पहिल्या रांगेच्या मधोमध बोट ठेवलं.

"तू."

"अहो, मी सव्वीस वर्षांची असतानाही अशी नव्हते."

रघुनाथराव याला स्तुती समजले. फोटो सेव्ह केला, त्याच फाइलवर, त्याच नावाने. तिन्ही मूळ फोटो आता लागणार नाहीत म्हणून पुसून टाकले, कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कमाटीबागेत जाऊन त्याच कार्डावर कावळ्यांचे साठ-सत्तर फोटो काढले.

ग्रुपवर फोटो गेला आणि वाहवा झाली. अंगठे, फुलं, टाळ्या. सुनेत्राताईंनी तो फोटो इतका आवडला म्हणून छापून घेतला आणि नव्या अध्यक्षांच्या नोंदणीसाठी ट्रस्ट नोंदणीच्या सरकारी कचेरीत जी फाइल जाते तिला जोडून दिला. सभेचा वृत्तांत, तीस सह्यांचा कागद आणि फोटो. त्या कचेरीतले पंड्यासाहेब फोटोशिवाय फाइल घेत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एकट्या बळवंतरावांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. ते फोटो मोठा करून बघत बसले होते. पिलाजीरावांशी ते अकरा वर्षं एक शब्दही बोललेले नाहीत. मांजलपुरातल्या एका प्लॉटवरून काहीतरी आहे. ज्या डोळ्यांना डोळा भिडवायचा नाही म्हणून माणूस अकरा वर्षं लग्नकार्यं टाळतो, ते डोळे तो विसरेल कसे?

आठव्या दिवशी कचेरीतून कागद आला. बळवंतराव फणसे यांनी हरकत घेतली आहे की सादर केलेला फोटो बनावट असून हरकतदाराच्या चेहऱ्यावर अन्य इसमाचे डोळे आहेत.

नयनाताईंनी कागद दोनदा वाचला. मग नवऱ्याकडे बघितलं. कागदाची घडी घालून ती त्यांच्या हातात ठेवली. रघुनाथरावांनी कपाटातून बीपीचं मशीन काढलं. एकशे अठ्ठावन्न. पाच मिनिटांनी परत मोजलं. एकशे चौसष्ट. मशीन बिघडलं असावं असं ठरवून त्यांनी ते परत ठेवून दिलं, आणि चौतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात काढलेल्या माणसाला मशीन बिघडलेलं नाही हे पक्कं ठाऊक होतं.

कचेरीत पंड्यासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून पेन्सिलीच्या टोकाने एकेक डोकं मोजलं. ते शांत गृहस्थ होते, आणि शांत गृहस्थांची रघुनाथरावांना जन्मभर भीती वाटत आली आहे.

"आमां तो तेत्रीस जण छे. सही त्रीस छे," साहेब म्हणाले. "बाकीना त्रण?"

"ते आले नव्हते," रघुनाथराव म्हणाले.

"आव्या नहोता, तो फोटोमां केम छे?"

रघुनाथरावांनी लेयर आणि मास्क म्हणजे काय ते समजावायला सुरुवात केली. दोन मिनिटांतच आपण आपल्याविरुद्ध साक्ष देतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते थांबले. तोवर कारकुनाने सगळं लिहून घेतलं होतं.

साहेबांनी मंडळाची घटना उघडली. अकरावं कलम. अध्यक्षाच्या निवडणुकीला किमान तीस सभासद प्रत्यक्ष हजर असले पाहिजेत, नाहीतर निवडणूक रद्द आणि जुना अध्यक्ष पुढे चालू. मग त्यांनी तेहतीसमधून तीन वजा केले. माने, माने आणि पिलाजीराव. तीस उरले. रघुनाथरावांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच शेजारच्या खुर्चीवरून बळवंतराव म्हणाले, "आणि हा उजव्या टोकाचा? हे पागनीस स्वतः. हेही चिकटवलेलेच आहेत. पोट बघा आणि आत्ताचं पोट बघा."

साहेबांनी दोन्ही बघितलं.

"पण मी होतो!" रघुनाथराव जवळजवळ ओरडले. "मत दिलंय मी! सही आहे माझी! फोटो मी काढलाय!"

"ज्याला डोळे बनवता येतात त्याला सही अवघड आहे का?" बळवंतराव म्हणाले. "आणि कॅमेऱ्यांना हल्ली टायमर असतो."

"बळवंतराव, तुम्ही स्वतः होतात तिथे. तुम्ही मला पाहिलंत."

"पाहिलं असं मी कसं सांगू? माझे डोळे कुठे आहेत त्या फोटोत?"

या उत्तरावर कारकूनसुद्धा हसला. बाकी सभासदांना विचारा, अशी विनंती नयनाताईंनी केली. पण सतराजण एका बाजूचे, तेराजण दुसऱ्या बाजूचे, तोंडी सांगण्यात काय हशील, असं साहेबांचं म्हणणं पडलं. त्यांना कागद हवा होता. "ओरिजिनल फोटो लावो," ते म्हणाले. "जेवो पाड्यो हतो तेवो." जसा काढला तसा. पंधरा तारखेच्या आत. तीन प्रती, प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही, आणि सोबत शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र की यात कोणाचाही अवयव बदललेला नाही.

बाहेर येऊन नयनाताई स्कूटरवर मागे बसल्या. मग म्हणाल्या, "मूळ फोटो आहे ना?"

"आहे," रघुनाथराव म्हणाले. कारेलीबाग येईपर्यंत त्यांनी दुसरं काही बोलायचं धाडस केलं नाही. घरी पोहोचल्यावर म्हणाले, "नाही."

त्या दिवशी नयनाताई रडल्या. मोठ्याने नाही, स्वयंपाकघरात, पाठमोऱ्या, कणीक मळताना. "बावीस वर्षं मी तिथे सतरंज्या मोजल्या हो," एवढंच म्हणाल्या. रघुनाथराव दारात उभे राहिले. त्यांना आत जाऊन काहीतरी बोलायचं होतं, पण बोलण्यासारखं जे काही होतं ते सगळं त्यांनी स्वतःच पुसून टाकलेलं होतं.

हसमुखभाई सल्ला घेऊन आले. हसमुखभाईंना दुसऱ्याच्या संकटात फार उत्साह येतो. "एमां शुं मोटी वात छे? बधाने पाछा भेगा करो." सगळ्यांना परत त्याच कपड्यांत त्याच जागी उभं करा, काढा फोटो, झाला ओरिजिनल. रघुनाथरावांना क्षणभर हे पटलं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे बळवंतराव त्याच कपड्यांत, त्याच जागी, स्वखुशीने उभे राहिलेले आले आणि ते भानावर आले. तरी नयनाताईंनी बाहेरच्या खोलीतून सांगितलंच, "एका खोट्यात आहोत तेवढं पुरे."

मग रघुनाथराव सयाजीगंजातल्या एका दुकानात गेले. पुसलेलं परत आणून देतो अशी तिथे पाटी होती. दुकानदाराने कार्ड हातात घेऊन विचारलं, फॉरमॅट केल्यावर यावर परत काही काढलंत का? रघुनाथराव म्हणाले, कावळे. किती? साठ-सत्तर. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावताना सोडतात तसा श्वास दुकानदाराने सोडला. म्हणाला, कोशिश करू. कावळे जिथे बसले असतील तिथलं गेलं. जिथे बसले नसतील तिथलं मिळेल.

चार दिवस रघुनाथराव कावळ्यांचा हिशेब करत होते. बीपी एकशे सत्तरच्या घरात. जेवण जाईना. मंडळाची मंडळी रस्त्यात भेटली की डोळ्यांची चौकशी करत. वाडीच्या नाक्यावर पिलाजीराव भेटले. ऑपरेशन उत्तम झालं होतं, त्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि आपले डोळे बळवंतला बसवले हे त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. "मला विचारायचं तरी," ते म्हणाले. म्हणजे आता दोन्ही चुलतभावांचं रघुनाथरावांविरुद्ध एकमत झालं होतं, आणि अकरा वर्षांतलं ते पहिलंच होतं.

पाचव्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. तीनपैकी दोन फोटो गेले. एक सापडला.

दुपारी रघुनाथरावांनी तो एकट्यानेच उघडला. मिटलेले डोळे, कपाळावरचे हात, सुनेत्राताईंचं उघडं तोंड, कुत्रं. त्यांना कधी कोणता फोटो इतका सुंदर वाटला नव्हता. आणि मग त्यांची नजर खाली गेली.

अंगणातल्या फरशीवर, फोटोच्या तळापासून थेट पहिल्या रांगेपर्यंत, एक लांबलचक सावली पडलेली होती. सूर्य पाठीमागे होता ना. तीन पायांचं स्टँड, त्यावर वाकलेला माणूस, दोन्ही कोपरं बाहेर, आणि डोक्यावर कानटोपी. गोंड्याची. बडोद्यात तशी थंडी नसते. पण रघुनाथरावांच्या कानांना असते. त्या सावलीचं डोकं, गोंड्यासकट, बरोबर नयनाताईंच्या पायांवर होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी पहिलं काम हेच केलं होतं. कुत्र्याच्याही आधी. क्लोनचा ब्रश घेऊन फरशी फरशीने ती सावली पुसली होती, आणि का पुसली हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. नयना निवडून आली याचा त्यांना आनंद होता. खरोखर होता, त्यांनी मत दिलं होतं. पण सभेच्या दिवशी वडे खाताना कोणीतरी म्हणालं होतं, "काय पागनीस, आता अध्यक्षांचे यजमान!" आणि ते हसले होते, आणि तो वडा त्यांना गिळवला नव्हता. आता तेच सगळं त्या फोटोत होतं. बायको मधोमध ताठ उभी, आणि नवऱ्याचं डोकं तिच्या पायांशी, टोपी घालून. तीन प्रतींत. स्वतःच्या सहीनिशी.

त्यांचा हात माऊसवर गेला. सावली म्हणजे काही माणूस नव्हे. तेवढी एक काढली तर कोणाचा काय अवयव बदलतो? दहा मिनिटांचं काम. त्यांनी ब्रश निवडला, गोंड्यावर नेला आणि थांबले. यात थोरपणा नव्हता. त्यांना फक्त पंड्यासाहेबांची पेन्सिल आठवली. ते प्रोग्रॅम बंद करून उठले आणि आयुष्यात प्रथमच फाइलच्या चार प्रती चार ठिकाणी ठेवल्या.

पंधरा तारखेला साहेबांनी परत मोजणी केली. बळवंतराव, सुनेत्राताई, नयनाताई समोर. कचेरीतले आणखी दोनचार जण उगाच कागद घेऊन घुटमळत होते. डोळ्यांच्या फाइलची कीर्ती मजलाभर पसरली होती.

"ओगणत्रीस," साहेब म्हणाले.

"बघा," बळवंतराव म्हणाले. स्वतःचे मिटलेले डोळे परत मिळाल्याने ते समाधानी दिसत होते.

नयनाताईंनी पदर सारखा केला. एक माणूस कमी. तिची अभ्यासिका, तिची बावीस वर्षं, सगळं त्या एका माणसावर अडलं होतं, आणि तो माणूस कुठे आहे हे खोलीत फक्त रघुनाथरावांना माहीत होतं.

"साहेब," ते म्हणाले. "खाली बघा."

पेन्सिल खाली सरकली. "आ कोनो पडछायो छे?"

"माझा. माझी सावली आहे ती." मग, विचारलं नव्हतं तरी, "ते डोकं माझंच आहे. पायांशी आहे ते."

घुटमळणाऱ्यांपैकी कोणीतरी खुदकन हसलं. बळवंतराव म्हणाले, सावली कोणाचीही असू शकते. साहेबांनी बराच विचार केला आणि शांतपणे सांगितलं की मग सावली ताडून बघावी लागेल. सगळे उठले, जिना उतरून आवारात आले. पण दुपारचे साडेबारा झालेले. रघुनाथरावांची सावली आखडून जेमतेम त्यांच्या उंचीएवढी झालेली.

"अत्यारे टूंको पडे," साहेब म्हणाले. "सांजे पांच वागे आवो. टोपी पहेरीने. कॅमेरो लईने."

साडेबारा ते पाच हा काळ रघुनाथरावांनी कसा काढला ते विचारू नये. घरी जाऊन कॅमेरा, स्टँड आणि टोपी आणली. तीन वाजता पश्चिमेला ढग आले. डिसेंबर-जानेवारीत बडोद्यात ढग येत नाहीत, पण त्या दिवशी आले. हसमुखभाईंनी फोनवरून कळवलं की पाऊस पडणार असं मोबाइल सांगतोय. चार वाजता आभाळ भरून आलं. रघुनाथराव कचेरीच्या पायरीवर टोपी घालून वर बघत बसले आणि ज्या ज्या देवाचं नाव आठवलं त्याला त्याला ढग बाजूला करायची विनंती करत राहिले. शेजारी नयनाताई बसल्या होत्या. एकदा त्यांनी पर्समधून पाण्याची बाटली काढून नवऱ्याच्या हातात दिली. गेल्या दोन आठवड्यांत त्यांनी आपण होऊन दिलेली ती पहिलीच गोष्ट होती, आणि रघुनाथरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

पाचला पाच कमी असताना ऊन पडलं.

कचेरी सुटायची वेळ, त्यामुळे सगळा स्टाफ आवारात जमला. साहेबांनी मूळ फोटो हातात धरला, पावलांनी अंतर मोजलं, रघुनाथरावांना स्टँडमागे उभं केलं. "वांका वळो." ते वाकले. "कोणी बहार." कोपरं बाहेर गेली. "बेन, तमे त्यां." नयनाताई समोर जाऊन फोटोतल्यासारख्या उभ्या राहिल्या. लांबलचक सावली आवारावरून सरकत गेली आणि तिचं डोकं, गोंड्यासकट, बरोबर त्यांच्या चपलांवर जाऊन टेकलं. जमलेल्या माणसांत हशा पिकला. बळवंतरावही हसले, हसताना त्यांनी फोटोकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि मग ते हसायचे थांबले. कारकुनाने मोबाइल काढून फाइलसाठी फोटो घेतला.

"हालशो नहीं," साहेब म्हणाले आणि पेन्सिल घेऊन फोटोत परत पहिल्या रांगेपासून मोजू लागले.

तेवढ्यात नयनाताईंनी खाली बघितलं आणि झटकन पाय मागे घेतला. उजवा हात आपोआप खाली गेला आणि छातीला लागला, माणसाला चुकून पाय लागल्यावर जातो तसा.

"बेन! हालशो नहीं कह्युं ने!"

"अहो, डोक्यावर पाय पडतोय तुमच्या," त्या एवढ्या लोकांसमोर, कळवळून म्हणाल्या.

"पडू दे," रघुनाथराव वाकल्या वाकल्या म्हणाले. "ठेव परत. साहेबांना मोजू दे."

त्यांनी पाय परत ठेवला.

"त्रीस," साहेब म्हणाले.